जड पाणी, स्वस्त न्हाणे

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद आणि आसपासच्या गावांत केसांच्या निगेवर होणाऱ्या खर्चाचा विचार करायचा, तर प्रथम पाण्याचा विचार करावा लागतो. मराठवाड्याचा हा भाग लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला असून, त्या खडकाच्या भेगांतून विहिरीत व बोअरमध्ये उतरणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. अशा पाण्याला शालेय पुस्तकांत दुष्फेन, तर बोलण्यात जड पाणी म्हणतात. साबण म्हणजे तेलातील मेदाम्लांचा क्षार. जड पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसून केस राठ होतात, आणि फेस येत नाही म्हणून साबण आणखी चोळला जातो. त्यातच साबणाचे पाणी अल्कधर्मी असल्याने केसावरील खवल्यांचे आवरण उचलले जाऊन केस गुंततात व तुटतात. सर्वांत स्वस्त वाटणारी अंगाच्या साबणाची वडी अशा रीतीने पुढे तेल आणि कंडिशनर यांचा खर्च ओढवून आणते.

यावरचे पहिले उपाय जवळजवळ फुकटचे आहेत. पावसाळ्यात पत्र्याचे पहिले पाणी सोडून देऊन नंतरचे साठवले, तर न्हाण्यासाठी त्याहून सौम्य पाणी नाही. पाणी उकळल्यास बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा जातो आणि पातेल्याच्या तळाला बसणारा पांढरा थर ही त्याचीच खूण असते. मात्र केवळ त्यासाठी सरपण किंवा गॅस जाळणे ही बचत नव्हे. उरलेला साका काढण्यासाठी शेवटच्या तांब्यात थोडे लिंबू पिळणे पुरते, कारण सौम्य आम्लाने साका सुटतो आणि खवले पुन्हा बसतात.

शिकेकाई आणि रिठा यांचे महत्त्वही याच रसायनात आहे. दोन्हींत सॅपोनिन नावाची फेस आणणारी द्रव्ये असतात, ती साबणासारखी कॅल्शियमशी साका धरत नाहीत आणि म्हणून जड पाण्यातही काम करतात. शिवाय शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असल्याने खवले उचलत नाही. (वेष्टनावर शिकेकाईचे चित्र असलेली वडी मात्र मुळात साबणच असते, हे लक्षात ठेवावे.) तरीही कुटणे, उकळणे, गाळणे आणि केसांतून चोथा काढणे हे सारे श्रम घरातील बाईच्या वाट्याला येतात व कोणत्याही हिशेबात धरले जात नाहीत. शांपूच्या पुडीने शिकेकाईला मागे टाकले, त्यात या श्रमांचा वाटा मोठा असावा.

ती पुडी तमिळनाडूतील कडलूरची. तेथील चिन्नी कृष्णन यांनी १९७०च्या दशकात शांपू पुड्यांतून विकण्यास आरंभ केला आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ बाजारात आणून ती खेडोपाडीच्या किराणा दुकानांत पोहोचवली. मोठे माप घेतले की स्वस्त पडते, हा नियम शांपूला लागू पडेलच असे नाही. एक-दोन रुपयांची पुडी अनेकदा मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते, म्हणून किमतीला मापाने भागून पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शांपू व केशतेलावरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पण पुडीची किंमत नाण्याला बांधलेली असल्याने असा फरक किमतीऐवजी आतल्या मापात पडू शकतो. शांपू तांब्यातील थोड्या पाण्यात कालवून फक्त टाळूला लावला तर निम्म्यात भागते. लांबीचे केस ओघळणाऱ्या फेसानेच स्वच्छ होतात.

तेलाच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांच्या २००३ च्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांपैकी केवळ खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी केल्याचे आढळले. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतले असले, तरी लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतो हे त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. धुण्याच्या आदल्या रात्री लावलेले साधे खोबरेल म्हणूनच पुरेसे ठरते.

सर्वांत मोठी रक्कम वाया जाते ती केसगळतीवर. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला बाटलीतले जीवनसत्त्व पोसू शकत नाही. २०२४ च्या अखेरीस शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील गावांत अचानक टक्कल पडू लागले, तेव्हा आधी संशय शांपूवर आणि पाण्यावर गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तातील व रेशनच्या गव्हातील वाढलेल्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून अधिक गळू लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे, कारण राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि शरीरातील लोहाची कमतरता हे केसगळतीचे एक परिचित कारण आहे. टक्कल बरे करण्याचा किंवा नवे केस उगवण्याचा दावा करण्यास १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘जे’ प्रमाणे कोणत्याही औषधाला मनाई आहे. असा दावा ज्या बाटलीवर दिसेल, ती दुकानातच राहू द्यावी.