सॉलिसिटर फर्मच्या दारात सातबाराची शिदोरी
खास प्रतिनिधी, नाशिक

विधी शाखेची पदवी घ्यायची, सनद मिळवायची आणि जिल्हा न्यायालयात एखाद्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसायचे, ही नाशिकच्या विद्यार्थ्यांची रूढ वाट. एनबीटी विधी महाविद्यालय किंवा मराठा विद्या प्रसारक समाजाच्या विधी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांपैकी काहींची नजर आता मुंबईतील व्यावसायिक कायदा फर्मकडे असते. मात्र तेथे प्रशिक्षणार्थी म्हणून प्रवेश कसा मिळवायचा, याविषयी पुरेशी माहिती नसते. परिणामी अनेक अर्ज उत्तराविनाच राहतात. विशेष म्हणजे, नाशिकच्या विद्यार्थ्याजवळ असलेली सर्वांत मोठी जमेची बाजू बहुतेक वेळा अर्जात लिहिलेलीच नसते.

फर्मचे काम कोणते?

कंपन्यांचे करार, विलीनीकरण, बँकांची कर्जे, जमिनींचे व्यवहार, लवाद आणि नादारीची प्रकरणे हे या फर्मचे मुख्य काम. मुंबईत ही परंपरा जुनी आहे. क्रॉफर्ड बेलीची स्थापना १८३० ची, तर लिटल अँड कंपनीची १८५६ ची. आज सिरिल अमरचंद मंगलदास, खेतान अँड कंपनी, एझेडबी अँड पार्टनर्स, त्रिलीगल ही नावे आघाडीवर घेतली जातात. प्रशिक्षणार्थीच्या वाट्याला प्रामुख्याने कागदपत्रांची छाननी, निवाड्यांचा शोध, टिपणे तयार करणे आणि करारांचे मसुदे तपासणे ही कामे येतात. न्यायालयात उभे राहण्याची संधी येथे विरळाच, हे आधीच समजून घेतलेले बरे.

नियम काय सांगतो?

पदवीनंतर एक वर्ष उमेदवारी सक्तीची करणारे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १९९५ चे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्दबातल ठरविले. त्यामुळे प्रत्यक्ष कामाचे शिक्षण शिकत असतानाच घ्यावे लागते. कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप आवश्यक आहे. ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक करता येत नाही. शिवाय कनिष्ठ न्यायालयात व अपिली न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडे प्रत्येकी एकदा तरी अनुभव घ्यावा लागतो. साहजिकच, पहिल्या वर्षी नाशिकच्या न्यायालयात, दुसऱ्या वर्षी उच्च न्यायालयातील वकिलाकडे आणि अखेरच्या टप्प्यात फर्ममध्ये, असा क्रम आखणे सोयीचे ठरते.

हा क्रम महत्त्वाचा, कारण मोठ्या फर्म थेट भरतीसाठी प्रामुख्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठे आणि मोजक्या नामांकित महाविद्यालयांत जातात. इतरांसाठी इंटर्नशिप हाच दरवाजा असतो. त्या चार आठवड्यांत काम पसंत पडले, तर पुन्हा बोलावणे येते आणि त्यातूनच पुढे नोकरीचा प्रस्ताव मिळू शकतो.

सातबारा हे भांडवल

इंग्रजी सफाईदार नाही, महाविद्यालयाचे नाव मोठे नाही, या न्यूनगंडापोटी अनेकजण अर्जच करीत नाहीत. इंग्रजी मसुदालेखन सुधारावेच लागते. त्याला पर्याय नाही. परंतु महाराष्ट्रातील कोणताही मोठा जमीन व्यवहार अखेर मराठी कागदांवर येऊन ठेपतो. सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नोंदी, जुनी खरेदीखते हे सारे मराठीत असते. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे काय, १९४८ च्या कूळ कायद्यानुसार हस्तांतरणावर निर्बंध आहेत काय, एखाद्या वारसाचे नाव नोंदीतून सुटले आहे काय, हे पाहिल्याशिवाय मालकी हक्काचा अहवाल पूर्ण होत नाही. महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी करतानाही वकिलाचा असा अहवाल द्यावा लागतो.

शेतकरी कुटुंबातील किंवा तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मारलेल्या विद्यार्थ्याला हे कागद परके नसतात. परराज्यातून शिकून आलेल्या हुशार इंटर्नला मात्र 'एकत्र कुटुंब मॅनेजर' किंवा 'इतर अधिकार' या नोंदींचा अर्थ विचारावा लागतो. नाशिकमध्ये जमिनीचे काम करणाऱ्या वकिलांकडे महिनाभर शोध अहवाल तयार केले असतील, तर ते अर्जात ठळकपणे लिहावे आणि फर्मच्या स्थावर मालमत्ता विभागात काम करण्याची इच्छा स्पष्ट नोंदवावी. सातपूर, अंबडच्या कारखान्यांचे करार किंवा द्राक्ष निर्यातदारांचे वाद हाताळणाऱ्या कार्यालयातील अनुभवही तितकाच मोलाचा.

अर्ज कसा करावा?

उन्हाळी सुटीसाठी गर्दी असते. म्हणून किमान चार ते सहा महिने आधी अर्ज पाठवावा. फर्मच्या संकेतस्थळावर अर्जाचा नमुना असल्यास तोच भरावा. बायोडाटा एक-दोन पानांचा असावा आणि त्यात नेमके काम लिहावे. 'न्यायालयीन कामकाज पाहिले' असे मोघम लिहिण्यापेक्षा 'सिन्नर तालुक्यातील जमिनीच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या' हे वाक्य अधिक बोलके. मात्र पक्षकाराचे नाव किंवा गट क्रमांक कदापि देऊ नये. गोपनीयता हा या व्यवसायाचा पहिला धडा आहे. सोबतच्या पत्रात हीच फर्म व हाच विभाग का, हे चार-सहा ओळींत सांगावे. एकच पत्र दहा फर्मना एकाच ई-मेलने पाठविणे टाळावे. न केलेले काम तर लिहूच नये. मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

खर्चाचा हिशेब

विद्यावेतन सर्वत्र मिळतेच असे नाही, आणि मिळाले तरी मुंबईतील महिनाभराचा खर्च त्यातून भागेल याची शाश्वती नसते. पंचवटी एक्स्प्रेसने रोज ये-जा करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. पण फर्मचे काम गाडीच्या वेळापत्रकानुसार संपत नाही. त्यामुळे निवासाची सोय आधी करावी. ती शक्य नसल्यास घरून काम करण्याची मुभा आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. इंटर्नशिप देण्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून मात्र दूर राहावे.

चौकट : 'सॉलिसिटर' व्हायचे असेल तर...

१९७६ च्या कायदादुरुस्तीनंतर मुंबईतील सॉलिसिटर हा कायद्याने वेगळा वर्ग उरला नाही. तरीही १८९४ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटर परीक्षा घेते. त्यासाठी सॉलिसिटरकडे तीन वर्षांची आर्टिकलशिप करावी लागते. फर्ममधील नोकरीसाठी ही परीक्षा सक्तीची नाही. परंतु मुंबईच्या व्यवसायात तिला आजही मान आहे.