टाळ आपल्या हाताचा असावा

ज्येष्ठाचा वद्य पक्ष लागला की आळंदीहून श्रीज्ञानेश्वरमहाराजांची आणि देहूहून श्रीतुकाराममहाराजांची पालखी पंढरीची वाट धरते. वारीला जाणारा आणि घरीच एकादशीचे भजन करणारा, दोघेही त्या सुमारास टाळांची जोडी बाहेर काढतात; परंतु ती आपल्या हाताची आहे किंवा नाही, हे पाहणारे थोडे.

दिंडीचे गायन हे मुख्यतः कंठाचेच गायन होय. चालत्या पावलांनी पेटी वाजवता येत नाही. विणेकऱ्याच्या वीणेने सूर द्यावा, मृदंगाने लय सांगावी आणि शेकडो कंठ एकाच मात्रेवर बांधून ठेवण्याचे काम टाळाने करावे, अशी ही योजना आहे. भरतमुनींनी वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले. त्यांपैकी टाळ हा घनवर्गातला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी रचलेल्या ‘संगीतरत्नाकरा’च्या वाद्याध्यायातही घनवाद्यांचा विचार आहे.

उत्तम टाळ काशाचा. काशात स्थूलमानाने ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील असते. या कथिलामुळेच त्याचा नाद दीर्घ उमटतो आणि त्यामुळेच तो ठिसूळही होतो. फरशीवर आपटला तर तडकतो. घेताना दोरीने अधांतरी धरून काठावर काठ हलकेच टेकवावा. नाद गुंजत लांबला तर टाळ घ्यावा, बद्द वाजला तर बारीक चीर आहे असे समजावे.

टाळ विकत मिळतो. दोरी मात्र ज्याची त्यानेच बेतावी लागते. मऊ सुती दोरी मधल्या छिद्रातून ओवून वाटीच्या आतल्या बाजूस पक्की गाठ मारावी. गळ्यात घातल्यावर, कोपर सहज वाकवले असता, दोन्ही टाळ पोटाच्या वरच्या अंगाला समोरासमोर यावेत. दोरी आखूड असेल तर खांदे भरून येतात, लांब असेल तर चालताना टाळ गुडघ्यांशी आदळतात. मुठीत येणाऱ्या भागावर कापडाची पट्टी गुंडाळावी, म्हणजे बोटांना घट्टे पडत नाहीत. हाताने दोरीच धरावी. धातूला बोट लागले की नाद तेथेच मरतो. लहान मुलाला वडिलांचा जड टाळ देऊ नये, त्याच्या मनगटाला पेलेल असाच द्यावा.

प्रवासात दोन टाळांच्या मध्ये फडके घालून ते कापडी पिशवीत वेगळे ठेवावेत. आम्हा कीर्तनकारांच्या चिपळ्यांनाही हाच नियम. त्यांची कडी अंगठ्यात व बोटांत सैल असेल तर अभंगाच्या ऐन रंगात चिपळी निसटते. वीणेचा मान तर याहून मोठा. अखंड हरिनाम सप्ताहात ती रात्रंदिवस कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते, जमिनीला टेकत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर माउलींच्या पालखीच्या समाजआरतीत मिळते. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तेथे जातात आणि म्हणणे ऐकून घेतात. एरव्ही ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही, अशा साध्या वारकऱ्याचे म्हणणे त्याचा टाळ सर्वांच्या कानी घालतो. अशा वेळी दोरी तुटली किंवा टाळ बद्द निघाला तर त्याची वाचाच गेली म्हणावयाची!

आज ध्वनिक्षेपकाने एकाचा आवाज मैलभर पोचतो. पण सर्वांनी मिळून म्हणावयाचे भजन एकाच्या आवाजाने साधत नाही. म्हणून एकादशीपूर्वी भाविकांनी आपापल्या टाळांची दोरी ओढून पाहावी आणि विरली असल्यास आजच बदलावी. पांडुरंगापुढे उभे राहताना हाती साधन थोडे असले तरी चालेल. ते सिद्ध मात्र असावे.