ऑक्सलेटचा हिशेब: ताटातला आणि मोबाइलमधला

मुतखड्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात. ऑक्सलेट पालेभाज्या, बिया, सुकामेवा यांतून पोटात जाते, शिवाय यकृतातही तयार होते. शरीराला त्याचा उपयोग नसल्याने ते लघवीवाटे बाहेर पडते. लघवी कमी आणि दाट असली की तिथेच ते कॅल्शियमशी जुळून त्याचे स्फटिक बनतात. काढलेला खडा ऑक्सलेटचा निघाला आणि २४ तासांच्या लघवीतही ऑक्सलेट जास्त आढळले, तर डॉक्टर कमी ऑक्सलेटचा आहार सुचवतात. दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आत, ही त्याची प्रचलित मर्यादा. काही ठिकाणी ती ५० पर्यंत खाली आणतात.

ही मर्यादा डोळ्यांनी सांभाळणे अवघड आहे. १०० ग्रॅम पालकात बहुतेक तपासण्यांमध्ये ५०० मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सलेट आढळते. माठ, चाकवत, अळू हेही त्याच पंक्तीतले. तितकीच हिरवीगार मेथी मात्र बरीच सौम्य. कोबी, फ्लॉवर, दुधी, काकडी, भात, दूध यांची फारशी काळजी नको. पंचवीस-तीस ग्रॅम बदामांत मात्र १०० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सलेट जाते, म्हणजे एका मुठीत दिवसाचा कोटा संपतो. उपवासाचा दिवस तर विशेष जपण्याचा. राजगिरा, रताळे, शेंगदाण्याचा कूट हे तिन्ही पदार्थ ऑक्सलेटने भरलेले, आणि त्या दिवशी पाणीही अनेकदा कमी प्यायले जाते.

ऑक्सलेट मोजणाऱ्या मोबाइल अॅपचा उपयोग इथे होतो. खाल्लेला पदार्थ आणि त्याचे माप भरले की अॅप आपल्या तक्त्यातला आकडा काढते, मापाने गुणते आणि दिवसाची बेरीज दाखवते. त्यामुळे बेरीज तक्त्याइतकीच खरी. पुष्कळ अॅपमधले तक्ते अमेरिकी आहेत. त्यांत वाटीऐवजी २४० मिलिलिटरचा कप असतो, आणि 'अमरंथ' म्हणजे राजगिऱ्याचे दाणे की माठाची पाने, हे नोंद उघडून पाहावे लागते. चाकवतासारखी भाजी बऱ्याचदा सापडतच नाही. न सापडलेला पदार्थ नोंदवायचा राहिला की बेरजेत तो शून्य होतो, आणि पडद्यावरचा हिरवा रंग खोटा दिलासा देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थ आहेत आणि ऑक्सलेटचे आकडेही आहेत. स्वतःची नोंद भरण्याची सोय असलेल्या अॅपमध्ये ते आकडे घालून ठेवावेत. घरच्या नेहमीच्या आठ-दहा भाज्या आणि आमट्या कुटासकट, चमच्याच्या मापाने एकदा नोंदवल्या, की रोजचे काम दोन मिनिटांचे राहते.

आकडे तरीही डळमळीतच राहतात. जात, जमीन, पानांचे वय यांनुसार एकाच भाजीतले ऑक्सलेट बदलते. पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले की विरघळणारे ऑक्सलेट बरेच उतरते, वाफवल्याने तितके उतरत नाही. म्हणून ६२ आणि ७१ मिलिग्रॅममधल्या फरकावर झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. दोन आठवड्यांच्या नोंदींतून ऑक्सलेटचा मोठा वाटा कुठून येतो ते शोधावे. बहुधा दोन-तीनच पदार्थ निघतात. ते बदलले की बाकीचे ताट मोकळे राहते. सगळ्याच भाज्या, डाळी आणि फळे धास्तीने सोडणाऱ्याचे पोषण मात्र बिघडते.

नुसती ऑक्सलेटची बेरीज करणाऱ्या अॅपमधून एक फार महत्त्वाची गोष्ट निसटते, ती म्हणजे जेवणातले कॅल्शियम. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही बंद करण्याचा सल्ला आजही घरोघरी ऐकू येतो. तो चुकीचा आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांना पाच वर्षे दोन प्रकारचा आहार दिला होता. पुरेसे कॅल्शियम, पण कमी मीठ आणि कमी मांस खाणाऱ्यांमध्ये खडे पुन्हा होण्याचे प्रमाण कमी कॅल्शियम खाणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास राहिले. ताकातल्या चाकवतात हाच मेळ आहे. अर्थात खड्याच्या रुग्णाने त्या भरवशावर वाडगाभर खाऊ नये. दिवसाचे १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम गोळ्यांऐवजी जेवणाबरोबरच्या दूध-दह्यातून यावे. ते नोंदवणारे अॅप निवडणे अधिक शहाणपणाचे.

पाण्याची आठवण हा अॅपचा साधा, पण मोलाचा भाग. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्यायचे असते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही नोंदवाव्यात, कारण त्याचे शरीरात ऑक्सलेट होते. मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

आहार लागू पडला की नाही, हे अॅपवरून कळत नाही. त्यासाठी सहा महिन्यांच्या आत २४ तासांची लघवी पुन्हा तपासतात. ऑक्सलेट उतरले नसेल, तर आतड्याचा आजार, पोटावरची शस्त्रक्रिया किंवा आनुवंशिक दोष यांकडे डॉक्टरांना पाहावे लागते. त्या भेटीला जाताना अॅपमधल्या नोंदी सोबत न्याव्यात.