डोळ्यांतून पाणी, तरीही डोळे कोरडे

नेत्रविभागाच्या ओपीडीत रोज कानावर पडणारी तक्रार साधारण अशी असते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. सकाळी उठल्यावर पापण्या जड आणि चिकट वाटतात. वाचताना अक्षरे मध्येच पुसट होतात आणि पापण्यांची उघडझाप केली की पुन्हा स्पष्ट दिसतात. दुचाकीवर जरा वारा लागला की डोळ्यांतून धार लागते. तपासून झाल्यावर डॉक्टर सांगतात, 'तुमचे डोळे कोरडे आहेत.' रुग्ण बुचकळ्यात पडतो. डोळे सारखे पाणावतात, रुमाल भिजतो, मग ते कोरडे कसे?

याचे उत्तर पाण्यात नसून तेलात आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा अत्यंत पातळ पडदा पसरलेला असतो. त्यात डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत द्रव असतो, पाणी असते आणि सर्वांत वर तेलाचा तलम थर असतो. हे तेल पाण्याला उडून जाऊ देत नाही. तेल कमी पडले किंवा घट्ट झाले, की पाणी भराभर सुकते आणि पडद्याला जागोजागी भोके पडतात. उघड्या पडलेल्या जागेतील नसा मेंदूला इशारा देतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडतात. हे पाणी नुसतेच पाणी असल्याने टिकत नाही, गालावरून ओघळून जाते. डोळा पुन्हा कोरडा पडतो.

तेल कुठून येते?

हे तेल पापण्यांमध्येच तयार होते. वरच्या पापणीत सुमारे 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30 ग्रंथी बारीक नळ्यांसारख्या शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांची तोंडे पापणीच्या कडेवर, केसांच्या ओळीच्या आतल्या बाजूला उघडतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने 1666 मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक उघडझापीबरोबर त्या किंचित दाबल्या जातात आणि थोडे थोडे तेल अश्रूंवर पसरते.

निरोगी ग्रंथीतले तेल पातळ आणि पारदर्शक असते. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल बाटलीत थिजते, तसे काही जणांच्या ग्रंथीतले तेल घट्ट होते. पापणीची कड हलकेच दाबली, तर टूथपेस्टसारखा पिवळसर पदार्थ बाहेर येतो किंवा काहीच येत नाही. ग्रंथीच्या तोंडाशी बूच बसलेले असते. कोरड्या डोळ्यांचे जगभरातील बहुधा सर्वांत मोठे कारण हेच असावे, असा निष्कर्ष या विषयावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2011 मध्ये मांडला.

वय वाढते तसा हा त्रास वाढतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास संप्रेरके बदलतात, त्यामुळे त्या वयातील स्त्रियांमध्ये तो बराच आढळतो. मोबाइल किंवा संगणकाकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होऊ शकते. बऱ्याचदा ती अर्धवटही होते, पापण्या एकमेकींना टेकतच नाहीत. मग तेल बाहेर येणार कसे? पापणीच्या आतल्या कडेवर रोज काजळ किंवा आयलायनर लावले, तर ग्रंथींची तोंडे बुजतात. कॉन्टॅक्ट लेन्स, मुरमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन, चेहऱ्यावर लाली आणणारा रोझेशिया हा त्वचाविकार आणि पापण्यांच्या केसांच्या मुळाशी राहणारा डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा, हीही कारणे असतात.

बूच बराच काळ तसेच राहिले, तर मागे तेल साचून ग्रंथी आधी फुगते आणि मग हळूहळू आक्रसते. आक्रसून नाहीशी झालेली ग्रंथी आजच्या उपचारांनी परत आणता येते, असे खात्रीने सांगता येत नाही. म्हणूनच ज्या ग्रंथी शिल्लक आहेत, त्या चालू ठेवणे महत्त्वाचे.

थेंबांच्या बाटल्या

प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षे फक्त थेंब बदलले जातात. कृत्रिम अश्रूंचे थेंब उपयोगी आहेत, पण तेलाची वाट बंद असेल तर तेही थोड्या वेळात सुकतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील, तर ते प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले असावेत. बाटलीतले औषध टिकवणारे रसायनच वारंवार पडून डोळ्याला त्रास देऊ शकते. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब काही तास डोळे पांढरे दाखवतात, मूळ दुखणे तसेच राहते.

सर्वांत धोकादायक सवय स्टेरॉइडच्या थेंबांची. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर किंवा दुकानदाराच्या सल्ल्याने आणलेल्या या थेंबांनी दोन दिवसांत बरे वाटते, म्हणून ते महिनोन्‌महिने चालू राहतात. त्यांनी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. नेत्रतज्ज्ञ सूज कमी करण्यासाठी स्टेरॉइड देतात, पण मोजक्या दिवसांसाठी आणि दाब तपासत. मध, तूप, गुलाबपाणी असे काहीही डोळ्यांत घालू नये.

रोजची दहा मिनिटे

थिजलेले खोबरेल पातळ करायला आपण बाटली कोमट पाण्यात ठेवतो. पापण्यांचेही तसेच आहे.

पहिली पायरी शेकाची. स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून पिळावे, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि सोसेल इतकेच गरम असताना मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावे. पापण्यांना साधारण 40 अंश सेल्सिअसची ऊब 5 ते 10 मिनिटे मिळायला हवी. बहुतेकांचे इथेच चुकते. कापड एक-दोन मिनिटांत निवते, म्हणून ते पुन:पुन्हा गरम पाण्यात बुडवावे लागते. गरम करून वापरायचा आय मास्क असेल, तर ऊब जास्त टिकते. तव्यावर तापवलेला रुमाल लावू नये, पापणीची त्वचा फार नाजूक असते.

दुसरी पायरी मालिशची. शेक संपताच, तेल पातळ असतानाच, स्वच्छ धुतलेल्या बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, म्हणजे केसांच्या दिशेने, हलकेच निपटावी. बुबुळावर दाब देऊ नये, डोळे चोळू नयेत. काचबिंदू असलेल्यांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करू नये.

तिसरी पायरी स्वच्छतेची. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून किंवा पापण्यांसाठी मिळणाऱ्या वाइप्सनी केसांच्या मुळाशी जमलेला कोंडा आणि खपल्या पुसाव्यात. दोन्ही डोळ्यांसाठी वेगळा कापूस घ्यावा. काजळ लावायचेच असेल, तर आतल्या कडेला लावू नये आणि झोपण्यापूर्वी पुसून टाकावे.

चौथी पायरी दिवसभराची. पापण्या पूर्ण मिटून दोन सेकंद तशाच ठेवाव्यात आणि मग उघडाव्यात. कामाच्या दर 20 मिनिटांनी असे दहा वेळा करावे. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली असला, की डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो. पंखा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नये.

सुरुवातीला शेक आणि मालिश दिवसातून दोनदा करावे लागते. फरक जाणवायला काही आठवडे जातात. आठवडाभर करून 'गुण येत नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ असतात. बरे वाटल्यावरही दिवसातून एकदा चालू ठेवावे लागते. हा रक्तदाबासारखा ताब्यात ठेवायचा आजार आहे.

डॉक्टर काय देतात?

घरच्या उपायांनी भागले नाही, तर अॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन दिले जाते. 'जंतुसंसर्ग नाही, मग अँटिबायोटिक कशाला?' असा प्रश्न रुग्ण विचारतात. ही औषधे पापण्यांवरील जंतू कमी करतातच, शिवाय सूज उतरवतात आणि तेल घट्ट करणाऱ्या जंतूंच्या विकरांनाही आवर घालतात. गर्भवतींनी आणि लहान मुलांनी डॉक्सिसायक्लिन घेऊ नये, आणि कोणीही ती आपल्या मनाने घेऊ नये. मोठ्या शहरांत पापण्यांना यंत्राने ऊब आणि दाब देणारे किंवा प्रकाशाचे झोत वापरणारे उपचार मिळतात. काहींना त्यांचा फायदा होतो, पण ते महाग असतात आणि त्यानंतरही घरचा शेक सुटत नाही. ओमेगा-3 च्या कॅप्सूलवर बराच पैसा खर्च होतो. मात्र 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 535 रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात, वर्षभर रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला नाही.

काही लक्षणे मात्र थांबू देत नाहीत. डोळा खूप दुखणे, नजर कमी होणे, उजेड सहन न होणे, एकच डोळा लालभडक होणे, असे झाल्यास त्याच दिवशी तपासून घ्यावे. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर रक्त तपासावे लागते. उतारवयात पापणीवर एकाच जागी पुन:पुन्हा गाठ येत असेल, तर ती रांजणवाडी समजून अंगावर काढू नये. क्वचित या तेलग्रंथींचाच कर्करोग तशा रूपात दिसतो, म्हणून गाठीचा तुकडा तपासणे गरजेचे असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डोळ्यांचा कोरडेपणा आधी सांगावा. कोरड्या बुबुळावर घेतलेली मापे चुकू शकतात आणि बसवलेल्या लेन्सचा नंबरही.

पुढच्या तपासणीला जाताना घरात जमलेल्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या, मलमे आणि इतर आजारांच्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. कोणती चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची, हे डॉक्टरांना त्या पाहून ठरवता येते. आणि 'माझ्या पापण्यांच्या ग्रंथी एकदा दाबून पाहाल का?' असे स्वत:हून विचारायलाही हरकत नाही.