सेन्सर काय सोडतो आणि काय मोजतो

२०२० साली दुकानांच्या आणि कार्यालयांच्या दारात थर्मल गन आली आणि पाठोपाठ अफवाही पसरली, की तिचे किरण कपाळातून मेंदूत शिरतात. घाबरून लोक कपाळाऐवजी हात पुढे करू लागले. प्रत्यक्षात ही गन शरीरावर अवरक्त किरण सोडतच नाही. कुठलीही वस्तू आपल्या तापमानानुसार असे किरण सतत बाहेर टाकत असते. माणसाच्या त्वचेचे किरण सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वांत तीव्र असतात, आणि गन तेवढेच टिपते. काही गनमधून जो लाल ठिपका पडतो तो नेम धरण्यासाठीचा लेझर. मोजणीशी त्याचा संबंध नाही. डोळ्यांवर मात्र तो मारू नये. खरा घोटाळा भीतीनेच केला. त्वचेच्या तापमानावरून शरीराचा ताप काढण्याचे गणित कपाळासाठी बसवलेले असते. मनगट बहुधा कपाळापेक्षा थंड असते, त्यामुळे ताप असलेला माणूसही सहज आत जाऊ शकत होता.

अशा बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी दोन प्रश्न न विचारणे असते: हे यंत्र काही सोडते की नुसते घेते, आणि नेमके मोजते काय? पहिल्याच्या अभावी भीती वाढते, दुसऱ्याच्या अभावी नको तितका विश्वास. यावर कुणी म्हणेल, की टीव्हीचा रिमोट आणि आपोआप सुरू होणारा नळ तर किरण सोडतातच. बरोबर. रिमोटच्या टोकाचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात अनेकदा त्याची लुकलुक दिसते. मात्र या प्रकाशकणांची ऊर्जा साध्या लाल प्रकाशाहूनही कमी असते. क्ष-किरणांसारखे रेणू तोडणे त्यांना जमत नाही. पुरेशी तीव्रता असेल तर ते फार तर तापवतील. उन्हातून अंगावर येणाऱ्या ऊर्जेतला जवळपास निम्मा वाटा अवरक्तच असतो, त्यापुढे रिमोटची काय कथा! उलट उन्हाचा आणि बल्बचा गोंधळ टाळण्यासाठी रिमोटलाच आपला प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकवावा लागतो, म्हणजे टीव्हीला तो वेगळा ओळखता येतो.

जिन्यातला किंवा स्वच्छतागृहातला दिवा लावणारा सेन्सर ‘माणूस ओळखतो’, ही समजूत तर फारच पक्की आहे. या पीआयआर सेन्सरमध्ये उष्णतेच्या बदलाला प्रतिसाद देणारे दोन भाग उलट जोडलेले असतात. दोहोंवर सारखी उष्णता पडली की परिणाम शून्य. माणूस आडवा चालत गेला की आधी एका भागावर, मग दुसऱ्यावर फरक पडतो आणि दिवा लागतो. स्वस्थ बसलेल्या माणसावरचा दिवा विझतो, कारण सेन्सर बदल मोजतो, उपस्थिती नव्हे. थेट सेन्सरच्या दिशेने चालत येणारा माणूसही त्याला उशिरा कळतो. विदर्भातल्या मे महिन्यात भिंती तापून त्वचेच्या तापमानाजवळ पोचल्या, की माणूस आणि भिंत यांतला फरकच पुसट होतो आणि सेन्सरचा पल्ला घटतो. त्यात बिघाड शोधण्यात अर्थ नाही. खिडकीआडचा माणूसही त्याला दिसत नाही: रिमोटचा अवरक्त प्रकाश काचेतून पार होतो, पण शरीराच्या उष्णतेच्या लांब लहरी साधी काच अडवते. दोन्ही अवरक्तच, पण एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवले की ‘भिंतीपलीकडचे पाहणाऱ्या’ सेन्सरच्या गप्पा सुरू होतात.

मग इतके आंधळे यंत्र वापरायचे कशाला? कारण ते स्वस्त आहे, वीज नगण्य खाते आणि जिन्यातल्या दिव्यासाठी एवढे पुरते. अडचण येते ती त्याच्याच भरवशावर घराची राखण सोपवली की.

श्राव्यातीत सेन्सरची गोष्ट वेगळी, कारण तो सोडतोही आणि घेतोही. पण सोडतो तो आवाज, किरण नव्हे. गाडीच्या मागच्या बंपरवरची गोल बटणे बहुधा ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ मोजतात. हवेत २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी ६ मिलिसेकंदांच्या आत परततो. सोनोग्राफीतला आवाज काही मेगाहर्ट्झचा, म्हणजे कंपनसंख्येत याच्या कितीतरी पट वरचा. या दोन्हींची सरमिसळ नको. आवाज कुणाचा, हे मात्र घेणाऱ्याला कळत नाही. १९५६ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीने रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ रिमोट आणला. त्यात बॅटरी नव्हती. बटण दाबले की ॲल्युमिनियमच्या दांडीवर हातोडी पडे आणि श्राव्यातीत सूर निघे. पण खिशातल्या नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खुळखुळाटानेही चॅनेल बदलू शकत असे.

गाडीमागच्या सेन्सरवर लोक आरशाइतका विश्वास टाकतात, तो धोक्याचा, कारण तो मोजतो फक्त परतलेला प्रतिध्वनी. बारीक खांब, जाळी किंवा तिरका पत्रा यांवरून प्रतिध्वनी पुरेसा परतत नाही. मऊ कापड तो शोषून घेते. बंपरखालचा ठेंगणा दगड टप्प्यातच येत नाही. अगदी जवळच्या वस्तूचा प्रतिध्वनी येतो तेव्हा सेन्सरचा पडदा स्वतःच्याच आवाजाने अजून थरथरत असतो, म्हणून तो ऐकलाच जात नाही. त्या मानाने तापमानाची चूक किरकोळ आहे. हवा एक अंश तापली की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. ४५ अंशांच्या उन्हात मीटरभर अंतरात चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडेल, तोही दुरुस्ती न केल्यास. गाडी मागे घेताना त्याची चिंता नको. पावसाळ्यात बंपरवर बसलेला चिखल मात्र पुसून टाकावा; तो सुकला की सेन्सर एकतर विनाकारण वाजत राहतो किंवा वाजतच नाही.