आधी जीव सांभाळ, मग जादू कर!

चार पानांची बॅकस्टोरी लिहिली होती मी तिची. गाव, आजी, हरवलेला भाऊ, सगळं. आणि पहिल्याच रविवारी, तिसऱ्या राउंडला, दोन गॉब्लिननी माझ्या जादूगारणीला आडवं केलं. तीन डेथ सेव्ह हुकले आणि खेळ खल्लास! तुम्हीही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये नुकतीच विझार्डची शीट भरली असेल, तर माझी चूक वाचून घ्या.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं बेसमेंटमध्ये बसून खेळतात ना, तोच हा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो 1974 मध्ये अमेरिकेत आणला. यात विझार्ड म्हणजे डोकं तल्लख, पण अंग काडी. पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट जेमतेम सात-आठ. गॉब्लिनचा एक घाव साधारण पाचाचा. म्हणजे दोन घावांत तुम्ही जमिनीवर. चिलखत घालावं म्हणाल, तर त्याचं ट्रेनिंग विझार्डला नसतं आणि तसंच घातलं तर स्पेलच टाकता येत नाही.

स्पेल स्लॉट दोनच. मी दोन्ही ‘मॅजिक मिसाइल’वर उडवले. कारण काय, तर भारी वाटतं!

आता जरा गणित करू. डेक्स्टेरिटीचा बोनस 2 असेल, तर तुमचा आर्मर क्लास 12. वीस बाजूंच्या फाशात 4 मिळवून मारणारा गॉब्लिन तुम्हाला 65 टक्के वेळा लागतो. सकाळीच ‘मेज आर्मर’ टाकलात, तर आठ तास आर्मर क्लास 15 राहतो आणि शक्यता 50 टक्क्यांवर येते. घाव लागतोय असं दिसल्यावर रिअॅक्शन म्हणून ‘शील्ड’ टाकलात, तर तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत आर्मर क्लास 20. आता फक्त 25 टक्के!

‘मग दोन्ही स्लॉट बचावातच गेले की!’ हो, गेले. पण ‘फायर बोल्ट’सारखे कॅन्ट्रिप फुकट असतात, कितीही वेळा टाका. मारायचं काम त्यांना द्या.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे जागा. अर्ध्या भिंतीआड उभं राहिलात तर आर्मर क्लासमध्ये 2 वाढतात, स्लॉट जात नाही. अगदीच घेरले गेलात, तर अॅक्शन ‘डॉज’वर घाला. मग समोरच्याला दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो.

तिसऱ्या लेव्हलनंतर प्रश्न फक्त तुमच्या जिवाचा राहत नाही. ‘वेब’ टाकून तुम्ही चार राक्षस अडकवलेत, पण ते जाळं तुमच्या कॉन्सन्ट्रेशनवर टिकून असतं. घाव लागला की फासा टाकायचा. 10 किंवा डॅमेजच्या निम्मे, जो आकडा मोठा असेल तो गाठला नाही, तर जाळं गायब आणि राक्षस थेट तुमच्या मित्रांच्या अंगावर. तेव्हा न लागलेला प्रत्येक घाव अख्ख्या टीमच्या कामी येतो.

माझी नवी विझार्ड आता चौथ्या लेव्हलला पोहोचलीये. आजी तीच आहे. या रविवारी हरवलेला भाऊ सापडेल असं डीएमच्या हसण्यावरून वाटतंय. म्हणून मी ‘शील्ड’साठी एक स्लॉट आत्तापासूनच राखून ठेवलाय. तुम्हीही ठेवा.