बाटली उघडण्याआधीच



गळीत हंगाम, ऊसतोड, बिलाचा हप्ता हे आपले नेहमीचे विषय. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. वर्षभर राबून हाती आलेलं उसाचं बिल काही घरांत उंबरा ओलांडण्याआधीच वाटेत जिरतं. अशा माणसाला आपण सरळ म्हणतो, "मन घट्ट नाही, दुसरं काय!" यात तथ्य नाही असं नाही, पण हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं, तर दारू सोडू पाहणाऱ्याला मदत करता येते.

आपल्या गोठ्यातलंच उदाहरण घ्या. चरवीचा आवाज झाला की म्हैस पान्हवते. अजून कासेला हातसुद्धा लागलेला नसतो. रोजच्या सवयीनं चरवी आणि धार यांची तिच्या अंगात गाठ बसलेली असते. रशियाचे शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवर हेच दाखवून दिलं. खाणं देण्याआधी दर वेळी ठराविक आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजानंही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते.

पिणाऱ्या माणसाचंही तसंच होतं. बाटलीचा आकार, बूच फिरवल्याचा आवाज, चकण्याचा वास, दिवेलागणीची वेळ, ठराविक मित्र, खिशात आलेला पैसा, या सगळ्या त्याच्या चरव्या! दुसऱ्याला त्या दिसतही नाहीत. त्याला मात्र त्या बरोबर दिसतात.

शास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिलं आहे. पडद्यावर शेजारी-शेजारी दोन चित्रं क्षणभर दाखवतात. एक दारूच्या बाटलीचं, दुसरं साध्या वस्तूचं. चित्रं जातात आणि एकाच्या जागी ठिपका येतो. ठिपका दिसला की बटण दाबायचं. पुष्कळ पिणाऱ्यांच्या बाबतीत असं आढळलं, की बाटलीच्या जागी ठिपका आला तर बटण लवकर दाबलं जातं. म्हणजे नजर आधीच तिथं जाऊन बसलेली असते. फरक असतो सेकंदाच्या लहानशा अंशाचा, आणि तो प्रत्येकात सारखा आढळत नाही. पण माणूस "पिऊ का नको" असा विचार करण्याआधीच लक्ष तिकडे ओढलं जातं, एवढं त्यातून कळतं.

याचं मूळ मेंदूत आहे. १९९०च्या दशकात वोल्फराम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले. माकडाला फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं द्रव्य सोडणाऱ्या पेशी जाग्या होत. रसाआधी दर वेळी दिव्याची खूण केली, तेव्हा काही दिवसांनी त्या पेशी रसाला नव्हे, दिव्यालाच जाग्या होऊ लागल्या. रॉबिन्सन आणि बेरिज या दोघांनी १९९३ साली आणखी एक गोष्ट मांडली : एखादी वस्तू आवडणं वेगळं आणि ती हवीशी वाटणं वेगळं. व्यसनात आवड वाढतेच असं नाही. ओढ मात्र वाढत जाते. "आता पिण्यात काही मजा राहिली नाही, तरी पाय तिकडेच वळतात," असं पिणारे म्हणतात, ते ढोंग नसतं.

म्हणून नुसत्या शपथेवर विसंबू नये. शपथ देवळात घेतली जाते, पण खुणा भेटतात संध्याकाळी, रस्त्यावर. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगतच्या दारू दुकानांबाबत निकाल दिला, तेव्हा अंतर तर ठरवलंच. शिवाय दुकान महामार्गावरून दिसू नये आणि रस्त्याकडेच्या पाट्या-जाहिराती काढाव्यात, असंही बजावलं. तो निकाल अपघात टाळण्यासाठी होता, पण नजरेची ताकद त्यात ओळखली गेली. दारूच्या नावाचाच सोडा आणि पाणी जाहिरातीत का झळकतं, हेही यावरून ध्यानात यावं.

आपल्या घरी काय करता येईल? रिकाम्या बाटल्या आणि ते ठराविक ग्लास घराबाहेर काढावेत. दुकानावरून जाणारी वाट सोडून लांबची धरावी. पिण्याची जी वेळ, त्या वेळेला दुसरं काम लावून घ्यावं; धारा काढाव्यात, भजनाला बसावं, पोरांचा अभ्यास घ्यावा. बिल बँकेत जमा झालं की त्या दिवशी एकट्यानं तालुक्याला जाऊ नये. कारभारणीला किंवा कर्त्या मुलाला बरोबर घ्यावं. ओढ लाटेसारखी येते, बहुधा थोड्या वेळानं ओसरते. तेवढा वेळ कुणीतरी सोबत असावं. लग्नकार्यात "एका घोटानं काय होतंय!" म्हणून आग्रह करणाऱ्यांनीही विचार करावा. आपल्याला तो एक घोट वाटतो, पण सोडू पाहणाऱ्याच्या बाबतीत आपण चरवीच वाजवत असतो.

एक सूचना महत्त्वाची. जो रोज आणि फार पितो, त्यानं डॉक्टरांना न विचारता एकदम दारू बंद करू नये. हातपाय कापणं, झटके येणं, भ्रम होणं असे प्रकार होतात. प्रसंगी जिवावर बेततं. सरकारी दवाखान्यात दाखवावं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करत आहे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा आपल्याकडेही भरतात. तिथं जाण्यात कमीपणा नाही.

लक्ष ओढलं जाणं माणसाच्या हाती नसेल, पण पुढचं पाऊल त्याच्या हाती असतं. ते टाकताना घरच्यांचा आधार असावा. यंदाचं बिल हाती येण्याआधी नवरा-बायकोनं एकत्र बसावं, कोणत्या वाटेनं जायचं आणि पैशाचं काय करायचं ते ठरवावं, आणि मगच बँकेची पायरी चढावी.